खालची पापणी

गाईला गोचीड ताप आलाय की ती नुसतीच नखरे करतेय, हे ओळखायचं असेल तर निरगुडसर गावात लोक जनावरांच्या डॉक्टरच्या आधी कुशाबाला बोलवायचे. कुशाबा यायचा, गाईच्या मानेवर एक हात ठेवायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढायचा आणि आत बघायचा. आत लाल दिसलं की म्हणायचा, "काय बी झालं न्हाई. पेंड बदलली आसंल तुमी." आणि पांढरं दिसलं की तोंडातली तंबाखू थुंकून टाकायचा. "रक्त आटलंय हिचं. डॉक्टरला फोन लावा, बसू नका." चाळीस वर्षांत त्याचा अंदाज चुकल्याचं कुणी सांगितलं नाही. स्वतःच्या गोठ्यातल्या सात गाईंच्या पापण्या तर तो दर सोमवारी न चुकता बघायचा.

आणि ह्याच माणसानं मांडीवरच्या नातीची पापणी सव्वादोन वर्षांत एकदाही ओढून पाहिली नाही. अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय!

नातीचं नाव जिजा. कुशाबाची बायको साळुबाई वारली आणि पुढं चारच महिन्यांनी ही जन्मली, त्यामुळं रिकाम्या झालेल्या त्या घरात पोर म्हणजे कुशाबाला सगळं काही झाली. मुलगा गोरख पिकअप चालवायचा, नारायणगावला टोमॅटो पोचवायचा. सून रत्ना घर, शेत, गोठा सगळं ओढायची. पोर मात्र आजोबाची.

आता ही दुधाची गोष्ट नीट सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही कुशाबाला नुसता हट्टी म्हातारा समजाल. हट्टी तो होताच, पण तेवढंच नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात तो दहा वर्षांचा होता आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन वाढला. पुढं डिंभ्याच्या धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, जनावरांचा हिरवा घास आला, गाई आल्या, दूध आलं. पण ते दूध घरातल्यांसाठी कधीच नव्हतं. कॅन भरला की डेअरीला. गोरख सहा वर्षांचा असताना त्यानं कॅनच्या झाकणाला लागलेली साय चाटली, तर कुशाबानं त्याच्या कानाखाली वाजवली होती. भरल्या गोठ्याच्या घरातली पोरं काळा चहा पिऊन शाळेत गेली. साळुबाई आजारात पडल्या पडल्या एकदा म्हणाली होती, "माझ्या पोरास्नी दूध न्हाई मिळालं. नातवंडाला तरी पोटभर पाजा." कुशाबाला ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. पोराच्या कानाखालचा तो आवाज नातीच्या पोटात दूध ओतून बुजवायचा, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

जिजा आठ महिन्यांची झाली तशी त्यानं चंद्री नावाची गाय तिच्यासाठी वेगळी काढली. चंद्रीचं दूध डेअरीला जायचं नाही म्हणजे नाही. सकाळी उठल्या उठल्या एक फुलपात्र, अंघोळीनंतर एक, दुपारी झोपताना एक, उठल्यावर एक, संध्याकाळी धारेचं कोमट. दीड वर्षाची होईस्तोवर पोर दिवसाला दीड-पावणेदोन लिटर रिचवायला लागली. मग भाकरीला जागा कुठून राहणार? रत्नानं डाळभात कालवून घास पुढं केला की जिजा तोंड फिरवायची आणि "दुदू" म्हणून आजोबाकडं हात करायची. कुशाबाला केवढा आनंद! "राहू दे गं. दात कशाला शिणवायचं लेकराचं? दुधात सगळं आसतंय."

सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना जिजा त्याच्या कडेवर असायची. गुबगुबीत, आणि रंगानं तर अशी की बघणाऱ्यानं थांबावं. कुशाबाचं घराणं सावळं, रत्नाचं माहेर त्याहून सावळं. डेअरीचा सेक्रेटरी भिमाजी फॅट मोजता मोजता म्हणायचा, "कुशाबा, पोर दिसामाजी गोरी व्हत चाललीय राव! कुनावर गेली म्हनायची?"

"दुधावर गेली!" कुशाबा म्हणायचा, आणि सगळी डेअरी हसायची.

अंगणवाडीच्या उज्ज्वलाताईंना मात्र हसू येत नव्हतं. वजनकाट्यावर पोर ठीक भरायची, पण त्या म्हणायच्या, "कुशाबाबा, वजनावर जाऊ नका. हिला दूध कमी करा. भाकरी, पालेभाजी, अंडं, काहीतरी चावून खायला पाहिजे तिनं." आता दुधवाल्याला दूध कमी करा म्हणणं म्हणजे वारकऱ्याला माळ काढ म्हणण्यासारखं. कुशाबा भडकला. "बाई, आमच्या घरात दुधाचा पूर हाय आन तुमी कमी करा म्हनता? तुमची ती पाकिटातली खिचडी घाला ज्याच्या घरी काय न्हाई त्याला."

ताईंनी रत्नाच्या हातात लोहाच्या औषधाची बाटली दिली. तीन दिवस रत्नानं चमचा चमचा पाजलं. चौथ्या दिवशी जिजाला काळी शी झाली. ते बघून कुशाबानं सगळं घर डोक्यावर घेतलं. "आतडी जाळली पोरीची! इख पाजताय का काय?" काळी होतेच, त्या औषधानं होतेच, असं ताई दारात येऊन सांगत होत्या, पण ऐकतो कोण? बाटली उकिरड्यावर गेली.

आणि नाचणी. हो, ती नाचणी राहिलीच.

रत्नाचं माहेर तिकडं जुन्नरच्या वरच्या अंगाला, आपटाळ्याच्या पल्याड डोंगरात. भात आणि नाचणी, दुसरं काही नाही. तिची आई अंबाबाई जिजाच्या पहिल्या वाढदिवसाला उतरली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून, जात्यावर दळलेलं पीठ. कुशाबापुढं ते ठेवून म्हणाली, "इवाई, आमच्याकडं दुसरं काय न्हाई. पर ह्याची पेज पोरीला रोज द्या. आमची समदी पोरं ह्याच्यावरच डोंगर चढत्यात."

"द्येतो की इहीनबाई, द्येतो की," कुशाबा तोंडभरून म्हणाला. आणि बाई एसटीत बसल्यावर रत्नाला म्हणाला, "ह्ये पोरीला घालायचं न्हाई. नाचनीनं पोर काळं पडतं. तुमच्याकडची बघ समदी."

त्या संध्याकाळी गाठोडं सुटलं ते चंद्रीच्या पेंड-भुशाच्या आंबोणात. गाय भर दुधावर होती, घमेलं चाटून पुसून लख्ख केलं तिनं. रत्ना शेणाचं घमेलं घेऊन बाजूला उभी होती. ती इतकंच म्हणाली, "मामा, आईनं हातानं दळलंय वो ते."

"मग गाय काय गिरनीतलं मागतीया व्हय?" कुशाबा हसला. वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन म्हणाला, "आगं, चंद्री खाती, चंद्री दूध द्येती, जिजा पिती. नाचनी जिजाच्याच पोटात चाललीय की, जरा वळसा घालून!"

अंबाबाईला काय माहीत? ती बापडी दर दोन महिन्यांनी नवं गाठोडं नारायणगावपर्यंत कुणाबरोबर तरी धाडायची आणि गोरख ते पिकअपमधून आणायचा. गोरखला वाटायचं बायको पोरीला घालत असेल. फोनवर अंबाबाई विचारायची, "जिजा खाती का पेज?" रत्ना फोन सासऱ्याच्या हातात द्यायची, कारण आईशी खोटं तिच्या तोंडून निघायचं नाही. कुशाबाच्या निघायचं. "खाती म्हंजी? वाटी पुसून खाती! लई आवड तिला." तिकडं म्हातारीला एवढा हुरूप यायचा की पुढचं गाठोडं जरा जास्तीच वजनाचं यायचं. सव्वा वर्षात सात गाठोडी आली. सातही चंद्रीनं खाल्ली.

जिजा दोन वर्षांची झाली आणि फार शहाणी झाली. म्हणजे लोक तसं म्हणायचे. रडत नाही, पळत नाही, कुठं टेकवली की तिथंच बसते. चार पायऱ्या चढली की धापा टाकून हात वर करायची, "आबा, घे." गोठ्याच्या भिंतीचा मातीचा गिलावा नखानं खरवडून चाटायची. रत्ना ओढून आणायची, तर कुशाबा म्हणायचा, "खाऊ दे. किस्नानं न्हाई का खाल्ली?" दुपारी झोपली की चार चार तास उठायची नाही. आणि गोरी? अहो, कानाच्या पाळ्यांतून पलीकडचा उजेड दिसायचा. कुशाबा ते सुद्धा कौतुकानं दाखवायचा.

दिवाळी होऊन थंडी पडली, तसा जिजाला खोकला धरला. चौथ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून ती फुलपात्रातून दूध पीत होती. पिता पिता मान कलली, फुलपात्र हातातून सुटलं आणि दूध ओट्यावरून खाली अंगणात गेलं. कुशाबाला वाटलं झोप लागली. त्यानं हाक मारली, हलवली, गालावर पाणी मारलं. छाती भात्यासारखी हलत होती, पण डोळा उघडेना. ओठ पांढरे. "गोरख!" एवढीच आरोळी त्याच्या तोंडून निघाली, आणि पुढं मंचरच्या दवाखान्यापर्यंत पिकअपमध्ये तो पोरीचं डोकं मांडीवर धरून बसला.

तपासायला तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जिजाला टेबलावर घेतलं आणि पहिलं काय केलं असेल तर अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली.

कुशाबा टेबलाच्या दुसऱ्या अंगाला उभा होता. त्यानं बघितलं. आत लालीचा ठिपका म्हणून नव्हता. कागदासारखं पांढरं. असलं पांढरं त्यानं गाईत आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं आणि त्या दोन्ही गाई जगल्या नव्हत्या. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "रक्त आटलंय हिचं."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं. "तुम्हाला कळतं का आजोबा?"

"गाईचं कळतं," कुशाबा म्हणाला.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बारा असायला पाहिजे तिथं जेमतेम चार भरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाते काय ही?" रत्नानं खाली पाहिलं. गोरखनं बापाकडं पाहिलं.

"दूध," कुशाबा म्हणाला.

"आणि?"

"दूधच."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "दूध वाईट नाही आजोबा. पण रक्त व्हायला जे लोह लागतं ते दुधात नसल्यात जमा. नुसत्या दुधानं पोट भरलं की लेकरू दुसरं काही खात नाही. आणि इतकं दूध झालं की कधी कधी आतड्यातून थोडं थोडं रक्त जातं, ते डोळ्यांना दिसत नाही. दिसायला गुबगुबीत, आतून रिकामं." मग गोरखकडं वळून म्हणाल्या, "रक्त चढवावं लागेल, अगदी हळू. एकदम दिलं तर तिच्या हृदयाला पेलणार नाही. आजचा दिवस आणि उद्याचा दिवस सांभाळायचा आहे."

रत्नानं पदर सावरून हात पुढं केला. "माझं घ्या."

तिच्या बोटाला टोचून बघितलं. सात. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा दोनदा वाचला. "बाई, तुम्हालाच द्यायची वेळ आलीये. पोटात असताना लेकराला आईकडून साठा मिळतो. तुमच्याकडंच नव्हता तर हिला कुठून मिळणार? जेवता कधी तुम्ही?"

रत्ना म्हणाली, "समद्यांचं झाल्यावर."

कुशाबानं आठवून पाहिलं. सून घरात येऊन चार वर्षं झाली होती. तिला जेवताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. भाजी उरते का, हेही कधी विचारलं नव्हतं. कोणत्या गाईनं किती वैरण सोडली हे मात्र त्याला रोज तोंडपाठ असायचं. थू तुझ्या जिनगानीवर, तो स्वतःला म्हणाला.

त्यानं स्वतःची बाही वर केली. वय विचारलं गेलं आणि नको म्हणाले. शेवटी रक्तपेढीतून पिशवी आली आणि बदल्यात गोरखनं दिलं. लहानपणी साय चाटली म्हणून ज्याला मारलं, त्याच पोराच्या दंडातून पिशवीत रक्त उतरताना कुशाबा दाराशी उभा राहून बघत होता. आत बघवत नव्हतं आणि बाहेर जाववत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबाबाई येऊन थडकली. आपटाळ्याहून जुन्नर, जुन्नरहून नारायणगाव, तिथून मंचर, असं तीन गाड्या बदलून. काखेत गाठोडं होतंच. नातीच्या नाजूक हाताला लावलेली नळी बघितली आणि ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली. रत्नानं तिला रक्त कमी पडल्याचं सांगितलं. म्हातारीनं काखेतलं गाठोडं पुढ्यात ठेवलं. मग कुशाबाकडं तोंड करून, अगदी हळू, गुन्हा कबूल करावा तशी म्हणाली, "इवाई, माझ्याच हाताला खोट हाय."

कुशाबाला कळेना.

"नाचनीनं रगत वाढतं. आमची पोरं त्याच्यावरच वाढली. मग ह्या पोरीला का लागू पडली न्हाई? माझंच काय तरी चुकलं. यंदा पाऊस लांबला, मोडाला बुरशी धरली आसंल. भाजताना करपली आसंल. आता डोळ्यास्नी दिसत न्हाई पयल्यासारखं. म्या रोगट पीठ धाडलं आन तुमी इश्वासानं घातलं लेकराला." तिनं गाठोडं पायानं लांब सारलं. "ह्ये सुदा फेकून द्या."

कुशाबाच्या जिभेवर शब्द आला होता. खरंच आला होता. रत्ना त्याच्याकडं एकटक बघत होती. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "च्या घेऊन येतो तुमास्नी."

आणि गेला. दवाखान्याच्या बाहेर टपरीवर उभा राहून त्यानं चहा सांगितला, तो त्याच्या हातात गार झाला. आत एक बाई न केलेल्या चुकीचा बोल स्वतःला लावत होती आणि केलेला माणूस बाहेर साखर ढवळत होता. भित्रा, भित्रा म्हणून तो मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता. पण परत आत गेला तेव्हाही बोलला नाही.

जिजा वाचली. दुसऱ्या पिशवीनंतर तिनं डोळे नीट उघडले, तिसऱ्या दिवशी रडली, आणि तिचं ते खणखणीत रडणं ऐकून नर्सबाईच म्हणाली, "आता भीती नाही." पाचव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की दूध दिवसाला दोन फुलपात्रं, जास्त नाही, लोहाचं औषध रोज, शी काळी होईल तर घाबरायचं नाही, आणि खायला डाळ, पालेभाजी, अंडं, नाचणी. नाचणी म्हटल्यावर अंबाबाईनं मान खाली घातली. गाठोडं तिनं फेकलं नव्हतं. अन्न फेकवत नाही त्या लोकांना. "हातात हाय तर गाईला घालू," ती म्हणाली.

घराची वाट गोठ्यावरून जाते. पुढं रत्ना जिजाला घेऊन, मागं गोरख, त्याच्या मागं काखेत गाठोडं घेऊन अंबाबाई, आणि सगळ्यात शेवटी कुशाबा. अंबाबाई गोठ्यासमोर आली आणि चंद्री दावणीला उठून उभी राहिली. हंबरली. कान टवकारले, नाक फेंदारलं, आणि दावं ताणून मान एवढी पुढं काढली की खुंटा हलायला लागला. बाकीच्या सहा गाई खुशाल रवंथ करत होत्या. चंद्री मात्र गाठोड्याकडं बघून जीभ काढत होती.

अंबाबाई थबकली. "आगं बया! हिला माझ्या पिठाचा वास कसा ठावं?"

गोरखला काहीच कळत नव्हतं, तो गाईकडं आणि सासूकडं आळीपाळीनं बघत होता. रत्नाला सगळं कळत होतं. तिनं जिजाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि सासऱ्याकडं पाहिलं. आता अजून एकदा खोटं बोलणं काही अवघड नव्हतं. जनावर आहे, कशालाही हंबरतं, एवढं म्हटलं की झालं असतं. म्हातारी उरलेला जन्म आपल्या हाताला दोष देत जात्याशी बसली असती आणि कुशाबाची अब्रू शाबूत राहिली असती.

"इहीनबाई," कुशाबा म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तुमची नाचनी जिजानं खाल्लीच न्हाई."

"म्हंजी?"

"एक दाना न्हाई. सात गाठोडी धाडलीत तुमी. साती ह्या गाईला घातली म्या. पोर काळी पडंल म्हून. फोनवर तुमास्नी खोटं बोललो. तुमच्या हाताला खोट न्हाई. खोट माझ्या अकलेला हाय. नातीला दूध पाजून पाजून मारायला निघालो व्हतो म्या, आन ताईंनी दिल्यालं औषध उकिरड्यावर फेकलं ते बी मीच." त्यानं हातातली टोपी चुरगळली. "दवाखान्यात तुमी सोताला बोल लावत व्हता तवा बी गप बसलो. त्येचं मला लई..."

"आण्णा!" गोरख बापावर ओरडला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते कुशाबानं जन्मात पाहिलं नव्हतं. रत्नानं नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

अंबाबाई शिव्या देईल, गाठोडं तोंडावर मारेल, असं कुशाबाला वाटलं. खरं तर त्याला तेच हवं होतं. पण म्हातारी पुढं आली. तिनं गाठोडं खाली ठेवलं, गाठ सोडली, त्यातली एक ओंजळ भरून घेतली आणि चंद्रीच्या तोंडापुढं धरली. गाय खरखरीत जिभेनं तिचे तळहात चाटत राहिली. सगळं संपेपर्यंत म्हातारी तशीच उभी होती.

"खा माय," ती गाईला म्हणाली. "तुझा काय गुन्हा?"

मग तिनं गाठोडं परत बांधलं, ते काखेत मारलं आणि कुशाबाच्या अंगावरून, त्याच्याकडं न बघता घरात गेली. आतून तिचा आवाज आला, "रत्ने, चूल पेटव. आन आधी तू जेवायला बस."

अंबाबाई पंधरा दिवस राहिली. कुशाबाशी ती कामापुरतं बोलायची, इवाई म्हणायची, पाण्याचा तांब्या द्यायची, पण त्या गोष्टीचा तिनं पुन्हा उल्लेख केला नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. गोरख महिनाभर बापाशी धड बोलला नाही. चंद्रीचं दूध डेअरीला जायला लागलं. रोजचं औषध पाजायचं काम मात्र कुशाबानं मागून घेतलं. "त्येवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाला. त्या औषधाला लोखंडाची चव. जिजा तोंड घट्ट मिटायची, लाथा झाडायची, आणि "दुदू, दुदू" म्हणून असा आकांत करायची की चमच्यातलं निम्मं औषध कुशाबाच्या सदऱ्यावर सांडायचं. तिला हवं ते गोठ्यात बादलीभर होतं आणि ते द्यायचं नाही हे त्यानंच सांभाळायचं होतं. पूर्वी तो दिसला की पोर हात पसरून धावायची. आता चमचा घेऊन येताना दिसला की आईच्या पदरामागं लपायची. गोरखच्या लहानपणीही दूध नाही म्हणणारा तोच होता आणि आताही तोच. फक्त या वेळी ते बरोबर होतं, आणि त्यानं दुखणं काही कमी होत नव्हतं.

होळीच्या सुमाराला एका सकाळी कुशाबा जिजाला घेऊन डेअरीवर गेला. बऱ्याच दिवसांनी. वाटेत ती कडेवरून उतरून चालली, एका कुत्र्याच्या मागं पळाली सुद्धा. भिमाजीनं तिला बघितलं आणि कॅनवरचा हात थांबवला. "अरारा, कुशाबा! पोर काळवंडली की राव! कसली गोरीपान व्हती. उन्हात फिरवता का काय?"

रांगेतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. कुशाबानं कॅन खाली ठेवला. जिजाला उचलून घेतलं, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. आत लालचुटूक होतं.

"बघा नीट," तो म्हणाला. "गोरी नव्हती ती. पांढरी पडली व्हती. रक्त आटवलं व्हतं म्या तिचं, दूध पाजून. चाळीस वर्सं तुमच्या गाईंच्या पापन्या बघितल्या, हिची न्हाई बघितली. ज्याच्या घरी आसलं गोरं लेकरू आसंल त्यानं आज घरी जाऊन बघा."

कुणी हसलं नाही. भिमाजीनं मान खाली घालून फॅट मोजायला घेतला. जिजानं आजोबाचा हात डोळ्यावरून झटकून टाकला आणि आईकडं जायचं म्हणून रडायला लागली.